सात नंबरची काच

"अहो, तिथेच थांबा!"

जुन्या जिल्हा न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये ती कागदांचा गठ्ठा छातीशी धरून जागीच थबकली. शिडीवर कुणी अनोळखी तरुण भिंतीच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवत होता.

"धक्का लागेल म्हणून ओरडलो. भिंत सरकली तर ही तडकते. तीन महिने टिकली, तर इमारत ठणठणीत."

"आणि तडकली तर?"

"कोर्टाला कुलूप. आणि माझा मुक्काम वाढला."

अशा बारा पट्ट्या. दर सोमवारी तो भिंग घेऊन यायचा. ती, रेकॉर्डकीपर, त्याला जुने निकाल दाखवायची. एका निकालाखालच्या विधवेच्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवून ती म्हणायची, "ही विहीर तिचीच, असं सगळ्यात आधी याच खोल्यांनी म्हटलं." तो वाकून वाचायचा. उंच खिडकीतलं ऊन दोघांच्या हातांवरून सावकाश सरकत राहायचं.

"भिंत जागची हलत नाही," बेलिफकाका दारातून म्हणाले, "इंजिनिअरसाहेब मात्र टेबलाकडे बरेच सरकलेत!"

शेवटच्या आठवड्यात गठ्ठा काढताना तिच्या शिडीचं टोक सात नंबरच्या पट्टीला लागलं. खट्!

गप्प राहिलं, तर तो राहणार होता. पण दीडशे वर्षं लोकांचं ऐकून घेणारी ही दारं बंद होणार होती.

सोमवारी तो भिंग काढतोय तोच ती म्हणाली, "भिंतीने नाही... मी तोडली. शिडी लागली."

"कधी?"

"गुरुवारी."

"मग फोन नाही केलात?"

"केला असता तर... तुम्ही गेला असतात."

तो काचेकडेच बघत राहिला. "भिंतीने तोडलेली काच भेगेवर तडकते. ही कोपऱ्यात फुटलीय. दारातूनच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो. फक्त... दोन मिनिटं उशिरा." त्याचे कान लाल झाले होते. "बाकी अकरा शाबूत आहेत. इमारत उत्तम, असा अहवाल आजच देतो. म्हणजे उद्यापासून माझं इथे काहीच काम नाही."

"हो ना."

"बिनकामाचा आलो तर चालेल?"

तिने अभ्यागतांची वही त्याच्यापुढे सरकवली. "येण्याचं कारण लिहावं लागतं."

पेन हातात घेऊन तो अडला. "काय लिहू?"

"खरं लिहा," ती खिडकीकडे बघत हळूच म्हणाली. "कोर्ट आहे हे."

त्याने लिहिलं. तिने वाचलं... आणि शेजारच्या 'भेटीची वेळ' या रकान्यात, आपल्या सहीच्या आधी, एकच शब्द लिहिला — रोज.