सुकवणखोली

नेव्हिल सापडला तेव्हा सुकवणखोलीचे पंखे चालू होते.

यव्होनने कडी उचलून दार ओढलं आणि आतली धग तिच्या तोंडावर आली. तिचा धाकटा भाऊ दाराशीच अंगाची मुटकुळी करून पडला होता. मुठी सोललेल्या, ओठ पांढरे. त्याला काखेत धरून बाहेर ओढताना तिला आजूबाजूचं सारं दिसत होतं आणि काहीच कळत नव्हतं. दाराशेजारच्या पॅनेलवर उघडझाप करणारा नारिंगी दिवा, बेसिनपाशी मासळीची पाटी, एप्रन टांगायच्या दांडीवर जबड्यात जबडा अडकवलेल्या बोंबलांच्या तीन-चार जोड्या, भिंतीकडेला नीट उभा केलेला निळा क्रेट.

तिची नजर मात्र त्या क्रेटवरच अडकली.

"सगळे अपघात म्हणतायत. पोलीससुद्धा," तिसऱ्या दिवशी घाटकोपरच्या एका लहानशा ऑफिसात बसून ती सांगत होती. समोर संघमित्रा सपकाळे होत्या. पूर्वी त्या विमा कंपनीसाठी आगी आणि अपघातांचे दावे तपासायच्या, आता स्वतःची कामं घ्यायच्या. शेजारी त्यांचे जुने सहकारी नितेश परब चहात बिस्किट बुडवून बसले होते. ते बिस्किट केव्हाच तुटून कपात पडलं होतं.

यव्होनने पहिल्यापासून सांगितलं. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत नव्या उद्योजकांसाठी केंद्र होतं. निवड झालेल्यांना वर्षभर नाममात्र भाड्यात गाळा मिळे, यंत्रशाळा वापरता येई, सल्ल्याला एक मार्गदर्शक असे. वर्ष संपलं की परीक्षकांपुढे सादरीकरण. ते पसंत पडलं तर पुढची मदत, नाही तर गाळा रिकामा करायचा. यव्होन, नेव्हिल आणि त्यांचा इंजिनिअर मित्र निलेश यांनी तिथे मासळी सुकवायची बंद खोली बनवली होती. धूळ नाही, माश्या नाहीत, पावसाळ्यातही काम चालू. सादरीकरणाच्या सकाळी यव्होन वरच्या मजल्यावर हॉल लावत होती. बोलणार होता नेव्हिल. तो वर आलाच नाही.

"क्रेटचं काय?" संघमित्राबाईंनी विचारलं.

"दार लागलं की बाहेरची कडी आपोआप पडते, आणि आतून ती उघडायचा खटका तुटला होता. म्हणून आत जाताना दाराला क्रेट लावायचाच, असा आमचा नियम. नेव्हिल तर क्रेट लावल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. क्रेट आपल्या पायांनी भिंतीला जाऊन उभा राहत नाही, मॅडम."

"म्हणजे कोणीतरी काढला."

"आणि तो आमच्यातलाच आहे." ती पुढे झुकली. "नेव्हिलला झोपवून ठेवलंय. उद्या शुद्धीवर आणतील. तो बोलायच्या आधी त्या माणसाने पुन्हा काही केलं तर? निलेशला मी वॉर्डात पाऊल टाकू देत नाही."

"आत्ता तिथे कोण आहे?"

"बर्था आत्या. आई गेल्यापासून तीच आमची..."

त्याच दुपारी तिघं गाळ्यात पोचले. निलेश तिथेच होता. नितेश सुकवणखोलीत डोकावले आणि क्रेट दाराला लावलेला आहे ना, हे दोनदा पाहून आले. आत जाळीचे ट्रे होते. त्यांवर डोकी कापून, चिरून, उघडे पसरलेले बोंबील. आत्याने त्या सकाळी आणलेल्या, बेसिनपाशच्या पाटीतली मासळी एव्हाना फेकून दिली होती. संघमित्राबाईंनी यव्होनला त्या सकाळी जे जे दिसलं ते पुन्हा सांगायला लावलं, अगदी दांडीवरच्या जोड्यांपर्यंत, आणि मग त्या निलेशकडे वळल्या.

निलेश तीन दिवस झोपला नसावा. नारिंगी दिव्याचा अर्थ त्यानेच सांगितला. ट्रे काढायला आत जाताना पॅनेलवरचं बटण दाबायचं, पंखे आणि हीटर थांबतात. पण विसरभोळा माणूस बटण दाबून निघून गेला तर माल नासेल, म्हणून थोड्या वेळाने यंत्र आपोआप सुरू होतं आणि कोणी येऊन पाहीपर्यंत दिवा उघडझाप करत राहतो. हे त्याने स्वतः बसवलं होतं. सांगताना त्याने मान खाली घातली.

त्या सकाळी तो कुठे होता? त्याच तुटलेल्या खटक्यासाठी स्प्रिंग शोधत नाक्यावरच्या दुकानांतून फिरत होता. साक्षीला कोणी नाही. नेव्हिलशी आदल्या दिवशी भांडण झालं होतं, हेही त्याने लपवलं नाही.

"कशावरून?"

"एका वाक्यावरून. चंद्रप्रकाश सरांनी सादरीकरणात घातलेलं. 'ही खोली आली की वर्सोव्याचं वाळवणाचं मैदान मोकळं होईल.' मी म्हटलं, काढ ते. नेव्हिल म्हणाला, यार, परीक्षकांना तेच ऐकायचंय."

"हे वाक्य आणखी कोणी ऐकलं होतं?"

सरावाच्या दिवशी आत्या आणि तिच्यासोबतच्या मासळीवाल्या बायका आल्या होत्या, निलेशने सांगितलं. सर्वांना चहा दिला. आत्याने फक्त विचारलं की मोकळ्या मैदानाचं करणार काय. सर हसून म्हणाले, काहीही करा, पार्किंग करा. यव्होनलाही ते आठवलं. ती स्वतःसुद्धा हसली होती.

मार्गदर्शक चंद्रप्रकाश नाकाला रुमाल लावूनच गाळ्यात आले. मासळीच्या वासाने त्यांना मळमळायचं. वर्षभरात त्यांनी एका बोंबलाला बोट लावलं नव्हतं. त्यांच्या मते हा दुर्दैवी अपघात होता आणि केंद्राचं नाव त्यात येऊ नये. सकाळभर ते वर यव्होनसोबत होते. एकदाच नेव्हिलला बोलवायला खाली आले. शटर अर्धं ओढलेलं होतं, आत पंखे घरघरत होते. वाकून हाक मारली, उत्तर आलं नाही.

"शटरबाहेर मासळीची पाटी होती?"

"नव्हती. असती तर मी तिथपर्यंत आलोच नसतो."

हॉस्पिटलच्या जिन्यावर बर्था आत्या भेटली. जाड हाडाची, पांढऱ्या केसांची, हातात जपमाळ. मधूनमधून खोकत होती. तिने थोडक्यात सांगितलं. रिक्षाने पाटी आणली, शटर अर्धं दिसलं, हाक मारली, कोणी ओ दिली नाही. वाटलं, वर गेला असेल तुमच्या साहेबाकडं. पाटी शटरबाहेर ठेवली आणि बाजार गाठला.

"आत गेला नाहीत?"

"नाय बाय. घाई होती." मग ती यव्होनला म्हणाली, "तू घरी जाऊन आंघोळ कर. मी बसते पोराजवळ."

यव्होनला त्या क्षणी तिच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्राबाईंनी सगळ्यांना गाळ्यात बोलावलं. आत्यालाही. नेव्हिलजवळ नर्स थांबली होती. नितेश ताज्या बोंबलांची पिशवी घेऊन आले होते. त्यांना वाटलं होतं जेवणाचा बेत आहे.

"नितेश, यातले दोन घे आणि त्या दांडीवर टांग. जबड्यात जबडा अडकवून."

"माका खावक येता, टांगूक नाय," नितेश पुटपुटले. त्यांनी प्रयत्न केला. बोंबील हातातून सुळकन निसटले. दुसऱ्या खेपेला दात बोटात घुसले. तिसऱ्या खेपेला एक मासा बुटावर पडला.

"निलेश, तू."

निलेशनेही हात भरवून घेतले. चंद्रप्रकाश आधीच दाराबाहेर सरकले होते.

"यव्होन?"

यव्होनने दोन बोंबील उचलले. डाव्या अंगठ्याने एकाचा जबडा उघडला, दुसऱ्याचा त्यात सरकवला, किंचित पीळ दिला आणि जोडी दांडीवर टाकली. तिचं लक्षही नव्हतं. ती संघमित्राबाईंकडे बघत होती.

"हे कोणी शिकवलं?"

"आईने," ती म्हणाली. "आणि..."

तिची नजर आत्याकडे वळली.

संघमित्राबाई सावकाश बोलू लागल्या. "त्या सकाळी या दांडीवर अशाच जोड्या होत्या. यव्होनला त्या खटकल्या नाहीत, कारण तिच्या दारापुढे वलांड्यांवर, मासे वाळत घालायच्या बांबूच्या मांडवांवर, जन्मभर तेच दिसत आलंय. पण या गाळ्यात मासे टांगत नाहीत. इथे डोकं कापून ट्रेवर पसरतात. जबडाच राहत नाही. मग ते कोणी टांगले? नेव्हिलने? त्यालाही येत असेल. पण बर्थाबाई म्हणतात, त्यांनी पाटी आणली तेव्हा नेव्हिल ओ देत नव्हता आणि त्यांनी ती बाहेर ठेवली. हे खरं असेल तर नेव्हिल तेव्हा कोंडला गेला होता. म्हणजे पाटी आत नेऊन मासे टांगणारा दुसराच कोणी होता. यव्होन वर होती. साहेब एकदाच खाली आले, पण ते मासळीला बोटही लावत नाहीत. निलेशच्या हाताला ते जमत नाही, हे आत्ता सगळ्यांनी पाहिलं."

संघमित्राबाईंनी निळ्या क्रेटवर हात ठेवला.

"आता क्रेट. तो काढून दार लावणारा माणूस लगेच पळाला नाही. तो इथे उभा राहिला. आत नेव्हिल दार ठोकत होता, हाका मारत होता. बाहेर हे हात काहीतरी करायला हवं म्हणून जन्माची सवय असलेलं काम करत होते."

यव्होनला ते चित्र दिसलं. दारावर पडणारे ठोके आणि त्यांच्या तालावर दांडीवर चढणारी एकेक जोडी. ती बाहेर जायला वळली.

"थांबा, सगळं ऐका," संघमित्राबाई म्हणाल्या. "दिवा उघडझाप करत होता. म्हणजे आत जाण्यापूर्वी नेव्हिलने रोजच्यासारखं बटण दाबलं होतं. कडी पडली तेव्हा पंखे बंद होते, खोली शांत होती. यंत्र आपोआप सुरू होतं हे निलेशला ठाऊक होतं, यव्होनला होतं. त्यांच्यापैकी कोणी असतं तर तो खून ठरला असता. या माणसाला ते ठाऊक नव्हतं. त्याला मारायचं नव्हतंच. त्याला एवढंच हवं होतं की नेव्हिलने त्या दिवशी बोलू नये. त्या एका वाक्यासाठी. खरं ना, बर्थाबाई?"

आत्याने यव्होनकडे पाहिलं नाही. ती दांडीवरच्या जोडीकडे बघत होती.

"खुंट्या मारून गेलेत मैदानात," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. विचारलं तर म्हणाले मोजणी आहे. आणि आमचाच पोरगा साहेब लोकांना सांगणार, मैदान नको आम्हाला. तुझी आई त्या मैदानावर उभी राहून तुम्हाला वाढवून गेली, यव्होन. माझ्यासारख्या किती बायका आहेत, नवरा नाही, होडी नाही. तेवढी जागा आहे." ती खोकली. "मी पाटी घेऊन आत आले तेव्हा तो आतमधे होता, ते वाक्य पाठ करत होता मोठ्याने. मी क्रेट काढला. म्हटलं, तासभर बसेल, साहेब लोक निघून जातील, कोणीतरी उघडेल. मशीन गप्प होती गं. देवाशपथ गप्प होती."

"मग सांगितलं का नाहीस?" यव्होनने विचारलं. "तीन दिवस त्याच्या उशाशी बसलीस."

"भीती वाटली."

"कशाची?"

"तो उठेल याची," आत्या म्हणाली. मग अगदी हळू, "आणि नाही उठणार याची."

निलेश खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चंद्रप्रकाश काहीतरी म्हणणार होते. संघमित्राबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते गप्प झाले.

आत्याने पदराने हात पुसले. पोलिसांकडे मी माझ्या पायांनी जाते, ती म्हणाली, फक्त आधी एकदा त्याला बघू दे. नितेशनी मान फिरवली. संघमित्राबाई यव्होनच्या उत्तराची वाट बघत थांबल्या. हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं.

"आज नको, आत्या," यव्होन म्हणाली.

दुपारी नेव्हिलने डोळे उघडले. आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे, मग तिच्याकडे. घसा सुकलेला होता. यव्होनने चमच्याने पाणी पाजलं.

"आत्या कुठंय?" त्याने विचारलं.

यव्होनने चमचा पेल्यात परत ठेवला.

"ती बाहेर होती गं. तिचा खोकला ओळखला मी. केवढ्या हाका मारल्या." तो हसायचा प्रयत्न करत होता. "नंतर ठोठावायची ताकदच राहिली नाही. पण मला माहीत होतं, आत्याला कळलंय, ती कोणाला तरी घेऊन येईल. तीच धावली ना?"

खिडकीबाहेर कुठेतरी रिक्षा सुरू होत नव्हती. चालक पुन्हा पुन्हा दांडा ओढत होता. यव्होनने खुर्ची पलंगाला भिडेपर्यंत पुढे ओढली आणि त्याचा पट्टी बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"नाही, नेव्हिल," ती म्हणाली.