खालून आलेला होकार

मला वाटलं होतं, मोकळं आवार असेल, हाताशी तीन आठवडे असतील आणि शिकायला हौसेने आलेली माणसं असतील. परदेशात मी हेच शिकून आले होते: माणसाला उंचावर नेणाऱ्या बूम लिफ्टखाली उभा राहणारा स्पॉटर कसा घडवायचा. वरच्या पिंजऱ्यातल्या, म्हणजे बास्केटमधल्या ऑपरेटरला पाठीमागची तुळई दिसत नाही, तारा दिसत नाहीत. त्या खालच्याने बघायच्या आणि वेळीच ‘थांब’ म्हणायचं. दुसऱ्याच्या जिवावर नजर ठेवणं हेच ज्याचं काम, त्याच्याइतका मोठा माणूस मला दुसरा दिसत नव्हता.

मिळालं काय? गोदामाची पत्र्याची शेड, झाडलोटीवरून उचलून आणलेली सहा पोरं आणि अर्धा दिवस.

“मॅडम, खाली उभं राहायला कसलं आलंय शिक्षण?” मॅनेजर म्हणाले. “उद्या सकाळी प्रमाणपत्रांवर सह्या करा, दुपारी काम सुरू. जमत नसेल तर सांगा, दुसरं कुणी बघतो.”

शेवटची बस चुकली म्हणून रात्री आम्ही शेडमध्येच पथाऱ्या टाकल्या.

“नुसतं उभं राहायचा पगार! मी तर झोपेतही उभा राहीन,” एक पोरगा म्हणाला. बाकीचे खिदळले.

कोपऱ्यात गोदामातले म्हातारे फिटरकाका गुडघे चोळत बसले होते. “हस लेका. माझा साडूपण असाच हसायचा.”

“तो कोण, काका?”

“स्पॉटर होता. वर ऑपरेटर असायचा, त्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबूची एक सवय होती. बास्केट हलवायच्या आधी वरूनच ओरडायचा, ‘आहेस का रे?’ साडूने ‘आहे’ म्हटलं की मगच हलवायचा. एक दिवस मुकादमाने साडूला हाक मारली. ‘उभाच तर आहेस, चल, ट्रक रिकामा कर.’ साडू म्हणाला, लंबू वर आहे. ‘तो काय पळून जातोय?’ मग गेला बिचारा ट्रककडे. तेवढ्यात वरून हाक आली, ‘आहेस का रे?’ आणि मुकादमाने ऑफिसच्या दारातून, मान वर न करता, साडूच्या वतीने सांगून टाकलं. ‘आहे, आहे.’”

काकांनी दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले.

“एका बाजूला बास्केटचा कठडा, दुसऱ्या बाजूला तुळई. मध्ये लंबू.”

आता कुणी हसत नव्हतं.

“जागा सोडली म्हणून साडूला काढलं. दुसरीकडे कुणी घेईना. शेवटी हातापाया पडून तिथेच रात्रीचा वॉचमन झाला. गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. मुकादम पुतणीच्या लग्नाला परगावी. लिफ्ट घडी घालून भिंतीला लावलेली. चावी ऑफिसात, ऑफिसला कुलूप. बाराच्या सुमाराला वीज गेली. साडू टॉर्च घेऊन आत शिरला. आणि वरून…”

“काय, काका?”

“‘आहेस का रे?’”

पत्रा थंडीने कडकडला. एक पोरगा दुसऱ्याला चिकटला.

“साडू गप्प. पुन्हा हाक. ‘आहेस का रे?’ केविलवाणी. मग ऑफिसच्या बंद दारामागून उत्तर आलं. ‘आहे, आहे.’ मुकादमाचाच आवाज.”

“पण तो तर…”

“परगावी. मोटर सुरू झाली. अंधारात. वर… आणखी वर… साडू जिवाच्या आकांताने ओरडला. ‘नाही! थांब! खाली कुणी नाही!’”

काकांनी अंगावरची चादर ओढून घेतली.

“मोटर थांबली… सकाळी बघतात तर बास्केट वर. तुळईपासून वीतभर खाली. आत माणूस नाही. सेफ्टी बेल्ट तेवढा. हुक कठड्याला अडकवलेला, कमरेचं बक्कल बंद. आणि पट्टा लोंबत नव्हता. कुणी घालून उभं असावं तसा, गोल, ताठ.”

“मग?”

“मग काय! लिफ्टशी खेळला म्हणून साडूला पुन्हा काढलं. एकाच माणसाला दोनदा काढायची कला आमच्याकडेच.”

“आणि मुकादम?”

“त्याला आता मॅनेजर म्हणतात.”

“ती लिफ्ट कुठंय, काका?”

काका कुशीवर वळले. “रंग नवा मारलाय,” एवढंच म्हणाले.

सकाळी मॅनेजरांनी सहा प्रमाणपत्रं पुढे सरकवली. मी एकावरही सही केली नाही. “यांना अजून येत नाही,” मी म्हणाले. “आणि स्पॉटर उभा असताना त्याला कुणी हाक मारायची नाही. तुम्हीसुद्धा.”

मग दुसऱ्या कुणाची तरी सही मिळवायला त्यांनी फोन उचलला.

मी ऑफिसबाहेर आले. पोरांना सांगितलं, कुणीही लिफ्टखाली उभं राहायला सांगितलं तरी जाऊ नका. मग एक खुर्ची ओढली, नव्या रंगाने चमकणाऱ्या लिफ्टच्या पुढच्या चाकासमोर टाकली आणि तिच्यावर बसले.