पिंडीवरचं ऊन

महादेवाच्या अंगणात रोवलेली काठी बनूनं उपटली, मोडली आणि चुलीत घातली. रोजची झाडलोट करणाऱ्या मुलीला अंगणाच्या मधोमध फुकटचं जळण मिळाल्यावर ती दुसरं काय करणार? दुपारी मात्र एक उंच, सावळा तरुण दारात येऊन उभा राहिला.

"इथं माझी काठी होती..."

"हुती खरी. सकाळी तिच्यावर चहा झाला."

तो म्हणाला, "काठी माझी, चहा तुमचा. अर्धा कप तरी मला मिळायला पाहिजे."

बनूला हसू आवरलं नाही, आणि चहाही द्यावाच लागला.

सत्तर सालची संक्रांत नुकतीच झाली होती. गोरक्ष हा शेवगावजवळच्या त्या गावात शाळेवर नवा आलेला विज्ञानाचा मास्तर. काठीच्या सावलीवरून सूर्याची चाल कळते, ती पोरांना दाखवायची त्याची हौस. बनू देवळाचे गुरव कानिफनाथ यांची एकुलती एक लेक. सातवी पास, हातानं चपळ, बोलण्यात तरतरीत. पण स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं.

दुसऱ्या दिवशी मास्तरनं नवी काठी रोवली आणि तिच्यावर बनूची राखण बसवली. सावली दिवसातून एकदा मोजली तरी पुरते. मास्तर दोनदा येऊ लागला. बनूही काठीभोवती फारच मन लावून झाडू लागली.

देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. कोणी बांधलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून गाव पांडवांचं नाव सांगायचं. एरवी कानिफनाथ आधी बेल-फुलं आणायचे आणि ऊन वर आल्यावर दार उघडायचे. फक्त पाडव्याला उजाडायच्या आत उघडायचे. मग एखाद्या साली कोवळं ऊन सरळ गाभाऱ्यात शिरून पिंडीवर पडायचं, एखाद्या साली पडायचं नाही. पडलं तर देवाचा होकार, नाही तर नकार. लोक मनात नवस धरून त्या उन्हाची वाट बघायचे.

"वर्ष पाडव्यालाच सुरू होतं असं नाही बरं का," एकदा गोरक्ष पायरीवर बसून सांगू लागला. "आमच्या शाळेतल्या ख्रिस्ती शलमोन मास्तरांकडं जानेवारीत होतं, पेठेतल्या मारवाड्याकडं दिवाळीत. नगरला मी ज्या इराण्याकडं चहा प्यायचो, त्याचं वर्ष दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा लागतं. तेव्हा सूर्य अगदी नीट पूर्वेला उगवतो, या दाराच्या समोर. तो दिवस हलत नाही. आपला पाडवा चंद्राच्या मागं जातो, म्हणून मागं-पुढं होतो. गेल्या साली अधिक महिना आला, तर यंदा किती लांबलाय बघा."

बनूनं मान डोलावली. अगदी समजूतदारपणे डोलावली.

त्याच सुमारास कर्जतचं एक स्थळ आलं. घर चांगलं, मुलगाही चांगला. तिचे वडील, नाना, म्हणाले, "पाडवा झाला की मानसं येतील. तुझ्या मनात दुसरं काय असंल तर तवर सांग, पोरी. मागनं रडू नको." बनूला तर कर्जतच्या मुलाचं नावसुद्धा ऐकवत नव्हतं. पण सांगायचं कसं?

शिवरात्रीला गर्दी ओसरल्यावर गोरक्षनं तिला गाठलं.

"तुमच्या शेजारच्या रंगुबाई माझ्या लांबच्या मावशी लागतात. तुमच्या नानांकडं... पाठवू का त्यांना? माझ्यासाठी?"

हो म्हणायला बनूनं ओठ उघडले, आणि भलतंच बाहेर पडलं. "पाडव्याला ऊन पिंडीवर आलं... तर पाठवा."

"पाडव्याला?"

"व्हय."

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं अंगणातली काठी उपटली, खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला. त्यानंतर तो देवळाकडं कधी दिसला नाही.

बनू रोज रिकाम्या अंगणाकडं बघायची. काय चुकलं ते तिला कळेना. तिनं सगळा भार देवावर टाकला आणि पाडव्याची वाट धरली.

पाडवा उजाडला. नानांनी दार उघडलं. उन्हाची तिरीप आत शिरली, आणि पिंडीला न शिवता डावीकडच्या भिंतीवर जाऊन पडली. लोक हळहळले आणि आपापल्या गुढ्या उभारायला परतले. बनूच्या डोळ्यांना धारा लागल्या. पुसायला वळली, तर नंदीपाशी गोरक्ष उभा.

"तुमी कशाला आलात?"

"नकार समोर उभं राहून घ्यावा म्हटलं."

"नकार कुनी दिला? मी रोज देवाला हात जोडत हुते, ऊन येऊ दे म्हनून."

"अहो, पाडवा लांबला, तोवर सूर्य उत्तरेला सरकला; यंदा ऊन येणारच नव्हतं. पंधरवड्यामागं दिवस-रात्र सारखे झाले, तेव्हा मी उजाडताना गुपचूप येऊन बंद दाराच्या फटीतून पाहिलं. फटीतून आत गेलेली उन्हाची तिरीप नेमकी पिंडीवर पडली होती. हे सगळं तर मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, सगळं जाणून तुम्ही मला गोड शब्दांत वाटेला लावलंत."

"मी कुठं ऐकत हुते?"

"मान तर डोलवत होता."

"मान डोलवत हुते..." बनूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पन तुमाला बघत हुते. इराणी काय, चंद्र काय, एक अक्षर कानात गेलं न्हाई."

महिनाभर पडलेला गोरक्षचा चेहरा हळूहळू उजळला. बनूला त्या चेहऱ्याची किती आठवण आली होती, ते तिचं तिलाच आत्ता कळलं.

तेवढ्यात कानिफनाथ कडुनिंबाचा मोहर आणि गूळ घेऊन बाहेर आले. दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं; दोघांकडं बघून ते थांबले.

"ऊन भिंतीला गेलं, बनू. कर्जतला काय कळवू?"

कुलूप पुन्हा लागू पाहत होतं. बनूनं मोहराची चिमूट तोंडात टाकली आणि तो कडवट घास गिळून टाकला.

"न्हाई म्हनून कळवा, नाना. मला हे मास्तर पायजेत."

कानिफनाथांनी तिच्याकडं पाहिलं, मास्तरकडं पाहिलं. मग मास्तरच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि लेकीला म्हणाले, "एवढंच हुतं तर मला सांगायचं की गं. त्या देवाला कशाला मधी घातलंस?"