आखूड क्रँकची सायकल

"मामी उतरली बघ!" ढापण्या झुडपाआडून कुजबुजला.

भिंगरीने मान उंचावली. चढाच्या पायथ्याशी मामी खरंच सायकलवरून उतरली होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणारी नर्स ती. मागे औषधांची जड पिशवी, आणि लंगडत सायकल ढकलत होती!

"पण काल जेवताना म्हणाली, सायकल लोण्यासारखी चालते!"

सायकल मामाच्या दुकानात घडली होती. पडल्यापासून मामीचा गुडघा पुरता वाकत नव्हता. म्हणून मामाने पेडलचे दांडे, म्हणजे क्रँक, चांगली चार बोटं आखूड केले. पायाचा फेरा लहान, गुडघ्याला आराम! भेटेल त्याला तो हेच ऐकवायचा.

"हेर झालात काय रे?" मामीने दोघा भाच्यांना पाहिलंच! ती हसली, पण गुडघा टम्म सुजला होता. "सपाटीवर छान चालते गं. चढावर मात्र जोरच लागत नाही. मामाला सांगू नका हं. किती हौसेने केलीय!"

"नाही सांगणार," भिंगरीने शब्द दिला.

वाटेत ढापण्या फणफणला, "असं ढकलून गुडघा कामातून जाईल तिचा! शब्द तू दिलायस, मी नाही!"

"चुगलखोर! थांब जरा. न सांगता दाखवता येईल."

संध्याकाळी दोघं मामीची सायकल घेऊन दुकानात हजर!

"मामा, तुझी सायकल ओझं घेऊन चढ चढते?"

"डोळे मिटून!"

"मग लाव पैज!"

मामा पिशवी बांधून ऐटीत निघाला. अर्ध्या चढावर तोंड लालबुंद, श्वास भात्यासारखा! शेवटी तो उतरलाच. हँडल धरून नुसता उभा राहिला.

"रोज ती... हे ढकलत नेते?"

भिंगरी मागून सायकल ढकलू लागली.

घरी मामी दारातच होती. मामाचा चेहरा बघून तिने भिंगरीला विचारलं, "सांगितलंस ना?"

"एक शब्दही नाही," भिंगरीची मान वर होईना. "पण सांगितल्यासारखंच केलं."

"चुकलो मीच," मामा पुटपुटला. "एकदाही चढावर नेऊन पाहिली नाही. फुशारकी मात्र गावभर!"

"आणि मी खोटं बोलत राहिले," मामी म्हणाली.

"लांब दांडे परत लावू या?" ढापण्याने विचारलं.

"मग गुडघा वाकेल कसा, शहाण्या?" भिंगरी म्हणाली. "मामा, मागचं दातेरी चक्र मोठं लावलं तर?"

मामाने चमकून पाहिलं. "पेडल हलकं होईल! पण वेग जाईल हं. पाय भराभर मारावे लागतील."

"मला कुठे शर्यत जिंकायचीय?" मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामी चढाला लागली. गोगलगाईच्या चालीने, पाय मात्र गरागरा! आणि न उतरता माथ्यावर पोचली!

"डोकं आहे रे पोरांना!" मामाने टाळ्या पिटल्या.

भिंगरी मात्र मागेच रेंगाळत होती. वरून मामीची हाक आली, "भिंगरे! पुढच्या वेळी शब्द देताना विचार कर!"

भिंगरीने मान खाली घातली.

"आणि असला शब्द मागताना मीही करीन!"

तेव्हा कुठे भिंगरी हसली, आणि चढावर धावत सुटली.