मामा माझ्या मानेकडे बघत होता

ऐक ना उना, नुसतं ऐक. मधे हसलीस तर मी सांगायचीच नाही.

आमच्यात भाचीला मामाच्या घरातलं काहीही उचलायचा हक्क असतो, माहितीये ना? मागायचं पण नाही, सरळ उचलायचं. तर मी सुट्टीत आईच्या गावी पोचले, होडीतून उतरते न उतरते, तोच इसिकेली मामा ओरडला, "आली लुटारू! कोंबड्या ने, चटया ने, तुझी मामी पण ने. फक्त डबीला हात लावायचा नाही!"

डबी म्हणजे गोळ्यांची. सात कप्पे, सात वार. क्लोझापिन, आवाज बंद करणारी गोळी. बारा वर्षं घेतोय तो.

बारा वर्षांपूर्वी त्याला समोरच्या प्रवाळाच्या खडकावरून एक बाई हाक मारायची. "पाणी ओसरलंय रे, ये." आणि एकदा हा गेला ना! भर भरतीत. गावातल्या दोघांनी केसांना धरून होडीत ओढला. मग सुवा शहरातलं मोठं हॉस्पिटल, मग ही गोळी, आणि बाई गप्प.

पण मामा काय शिस्तीचा आहे गं! संध्याकाळी सातला गोळी म्हणजे सातला. महिन्याला रक्त तपासायचं, गोळीने रक्तातल्या पेशी घटतात की काय बघायला. नुसता घसा दुखला, अंग तापलं, तरी त्याच दिवशी नर्स वसितीला फोन. कावा प्यायच्या बैठकीला बसतो, पण ती गुंगीची वाटी समोर आली की हसून पुढे सरकवतो. पोरं चिडवतात, "काय गोळीवाले, आज तरी एक घोट?" हा म्हणतो, "तुम्ही एवढं पिऊन मेल्यासारखे पडता, मला तेच एका गोळीत मिळतं. आता सांगा, येडा कोण?"

आणि त्याची युक्ती ऐक. काही ऐकू आलं तर तो कधीच विचारत नाही, तुला आलं का म्हणून. माणसं मन राखायला काहीही सांगतात. तो समोरच्याच्या मानेकडे बघतो. कुणी खरंच हाक मारली तर मान थोडी तरी वळतेच. वळली, तर आवाज बाहेरचा. नाही वळली, तर आतला. मग वहीत वेळ लिहायची आणि कामाला लागायचं.

तर मी पोचले त्याच आठवड्यात गावचे मोठे सरदार वारले. शंभर रात्रींचं सुतक. गावासमोरचं सगळं पाणी बंद, मासेमारी नाही, पायसुद्धा बुडवायचा नाही, होड्या तेवढ्या मागच्या खाडीतून. खडकापाशी काठी रोवून वर झाडाच्या सालीचं कापड बांधलं, बंदीची खूण. आणि या वेळी म्हाताऱ्यांनी तंबाखूही बंद केली. मामा दिवसाला वीस विड्या ओढणारा, त्याच दिवशी थोटूक पायाखाली चिरडलं. मामी तर बायकांमध्ये मिरवत होती, "आमच्या ह्यांनी बघा, एका झटक्यात सोडली!"

आठ दिवसांत मामा पार उतरला. उशी लाळेने ओली. भिंतीला धरून चालायचा. सूप पिता पिता चमचा हातात धरून झोपायचा. आम्हाला वाटलं, दुःख. सरदार त्याचे लहानपणचे सोबती ना. मामी म्हणाली, "आज गोळी नको देऊया गं, आधीच अर्धा झालाय." आणि मी, एवढी कॉलेजात शिकणारी, म्हणाले, खरंच नको.

तोच मामाने डोळे उघडले. जीभ जड झालेली. "आपल्या मनाने बंद नाही. कमी पण नाही. वसितीला लाव फोन."

वसितीने पहिलाच प्रश्न काय विचारावा? "विडी सोडली का त्याने?"

म्हणजे बघ, विडीच्या धुराने म्हणे शरीर ती गोळी भराभर संपवतं. धूर थांबला की तेवढीच गोळी रक्तात साठत जाते. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि मामा आतून बुडत होता! वसिती तासाभरात होडीने आली, रक्त घेतलं, डॉक्टरांशी फोनवर बोलली, त्यांनी डोस कमी करून दिला. मग मामाचा कान धरला, "पुन्हा ओढायला लागलास तरी आधी मला सांगायचं. सोडलीस तरी मला, धरलीस तरी मला. मी काय तुझी सासू आहे होय रे लपवायला?"

हळूहळू मामा पहिल्यासारखा झाला.

पण तेवढ्या दिवसांत माझं बाकीच्या गोष्टींकडे लक्ष जायला लागलं होतं. चटया विणायला बसणाऱ्या बायका समुद्राकडे पाठ करून बसायच्या. सगळ्याच. मी विचारलं तर मामी म्हणाली, "डोळ्यात ऊन येतं." आभाळ भरलेलं होतं गं. कुत्री ओहोटीला वाळूवर ओळीने बसायची, तोंड खडकाकडे, एकही भुंकायचं नाही. मी म्हटलं, असेल काहीतरी. मेलेल्या माशाचा वास असेल.

मग त्या दुपारी मामा आणि मी किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलो होतो. पूर्ण ओहोटी. वारा नव्हता, काठीवरचं कापड सरळ लोंबत होतं. चिखलाचा आणि शेवाळाचा वास. दोऱ्याने माझी बोटं कापली होती.

"लितिया. पाणी ओसरलंय गं. ये."

जेवायला बोलावतात ना, तशी हाक. घाई नाही, राग नाही.

मी मान खाली घातली. मामाचे हात थांबले होते.

तो माझ्या मानेकडे बघत होता.

"वळली," तो म्हणाला.

"माशी होती, मामा."

"माशीला मान झटकतात. तुझी वळली."

उना, मी काय करायचं होतं? हो म्हटलं, तर तो म्हणणार, मग बाई खरीच होती, बारा वर्षं गोळ्या कशाला खाल्ल्या? नाही म्हटलं, तर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं.

"ऐकलं," मी म्हटलं. "पण तू गोळी सोडू नकोस. प्लीज."

तर तो हसला!

"वेडे, बाई खोटी आहे म्हणून मी गोळी घेतो होय? तिच्यामागे पाय जाऊ नयेत म्हणून घेतो. आज सातला घेणार. उद्याही घेणार."

मला इतका अभिमान वाटला त्याचा! आमच्या गावात एवढा शहाणा माणूस दुसरा नाही.

मग त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणजे? तू पण ऐकलंस ना?"

"नाही. मला काही ऐकू आलं नाही. तुझी मान वळली, एवढंच दिसलं."



"मला गोळी आहे," मामा म्हणाला. "तुला काय आहे?"

तेव्हा मला माझ्या मनगटावर त्याची पकड जाणवली. घट्ट. कधीची धरली होती कोण जाणे. जाळं मागे वाळूवर पडलं होतं, पन्नास पावलं तरी लांब. आम्ही दोघं पाण्यात उभे होतो. बंद पाण्यात, गुडघ्यापर्यंत.

त्याने मला खेचत बाहेर आणलं. म्हणाला, "माझ्या डबीतली मागू नकोस, ती तुझ्यासाठी नाही. वसितीला फोन कर आणि जे ऐकलंस ते जसंच्या तसं सांग. लाजू नकोस, मीही लाजलो होतो."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी होडी पकडून इथे शहरात, खोलीवर आले. वसितीचा नंबर फोनमध्ये आहे, अजून लावला नाही. इथून समुद्र दिसतही नाही.

काल दुपारी कॉलेजमधून आले तर पायातल्या चपला ओल्या होत्या, आणि पाऊस नव्हता गं, तळव्यांना वाळू होती.

माझ्या जागी तू असतीस तर लावला असतास फोन?