खात्रीचं कडवं

"पुरे झालं तुझं गाणं! आता सरळ सांग, काय हवंय तुला ह्या घरातून?"

ताईने खटकन गॅस बंद केला, तशी चहाची उकळी आणि धाकटीच्या ओठांवरचं गीत, दोन्ही अर्ध्यात थांबली.

नवरा गेल्यावर धाकटी एका बॅगेनिशी बहिणीकडे आली होती आणि आल्यापासून भांडी घासत होती, ताईचे दुखरे पाय चेपत होती, सदानकदा चर्चमधली तारणाची गीतं गुणगुणत होती... एवढा चांगुलपणा ताईला पचत नव्हता. ती मुळातच संशयी. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहायची, मग ओढून पाहिलं होतं ना, हे पाहायला जिन्यातून परत यायची. त्यात हिचा नवरा म्हणजे एकेकाळी ताईसाठीच ठरलेलं स्थळ! आईमागे जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं ती त्याच्यासाठी झुरू लागली, तेव्हा काळजावर दगड ठेवून ताई बाजूला झाली होती. त्या लग्नात चर्चचा ऑर्गनही तिनेच वाजवला होता... एकही सूर न चुकवता! चर्चच्या मंडळीने त्या त्यागाचं इतकं कौतुक केलं, की धाकटीला माफ केलंस का, हे विचारायचं सगळ्यांच्याच राहून गेलं.

"प्रार्थनेत तुझे डोळे उघडे असतात," ताई म्हणाली. "उपासनेत पाळकांची खूण दिसावी म्हणून ऑर्गनवर आरसा लावलाय, त्यात सगळं दिसतं मला. ढोंगी कुठली!"

"आणि प्रार्थना चालू असताना तू आरशात काय बघतेस गं?"

ह्या मुद्द्याचा ताईने आजवर विचार केला नव्हता. "विषय बदलू नकोस!"

धाकटीचे डोळे भरून आले. "तुझ्याकडेच बघते मी. क्षमा मागायला डोळे मिटले की देव दिसत नाही, तुझी पाठ दिसते... लग्नाच्या दिवशीची! मी वेदीपाशी उभी होते, आणि तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. मला घर नको, ताई. माफ केलं, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"देवाने केलंय ना? त्याचीच खात्री गात असतेस दिवसभर!"

"खात्री आहे म्हणून गाते, असं वाटतं तुला?" धाकटीला हुंदका आवरेना. "सकाळी उठते तेव्हा काडीची खात्री नसते गं! मग पवित्र शास्त्र उघडते. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही तोडू शकत नाही, असं लिहिलंय तिथे. वाचते, पटत नाही, परत वाचते. मग ते कडवं म्हणते... 'हात माझा सुटला तरी, हात तुझा ना सुटे.' म्हणता म्हणता कधी खात्री येते, कधी नाही. नाही आली, तर पुन्हा पहिल्यापासून!"

ताईने खुर्ची ओढून घेतली. हे कडवं तिने जन्मभर वाजवलं होतं. पण वाजवणाऱ्याला गायचं नसतं... आणि छातीठोकपणे गाणाऱ्या प्रत्येकाचा तिला मनोमन संशय यायचा. साऱ्या मंडळीत खात्री नसलेली आपण एकटीच, ही तिची गुप्त व्यथा! म्हणून तर तो त्याग तिने एवढा जपला होता, उद्या देवाने स्वर्गाच्या दारात अडवलंच तर दाखवायला. आणि तो त्याग आवळून धरलेल्या मुठीत बहिणीचा हात कधी मावलाच नव्हता...!

"माफ केलं म्हणेन गं," ताई म्हणाली, "पण माझं मलाच खरं वाटायचं नाही."

"मग मला तरी कुठे वाटणार आहे!" धाकटी रडता रडता हसली.

ताईने तिचा ओला हात हातात घेतला, घसा साफ केला आणि ते कडवं गायला सुरुवात केली. आवाज भयंकर होता.

"ताई... अगं, किती बेसूर आहेस तू!"

"म्हणून तर वाजवते." ताईने पदराने आधी धाकटीचे डोळे पुसले, मग आपले. "माफ केलं तुला. ...नाही ना वाटली खात्री? मलाही नाही. चल, पुन्हा पहिल्यापासून."