बहिणींचा बंगला

मृणालीने फाटकाशी स्कूटी थांबवली, तेव्हा कडुनिंबाखाली एक अनोळखी तरुण भिजत उभा होता. परतीचा पाऊस आडवातिडवा कोसळत होता. त्याने हेल्मेट काखेत धरलं होतं, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं आणि नजर मात्र थेट तिच्या घराच्या माळ्याकडे लागली होती.

"कोण पाहिजे?"

तो दचकला. "नाही... म्हणजे... बहिणींचा बंगला तो हाच ना? इथे डाकिणी राहतात म्हणे..."

"बरोबर आलात. थोरली मीच. धाकटी आत भाकरी थापतेय."

तो आधी गोंधळला, मग मोकळेपणाने हसला. तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला – लांबलचक, फुसकारल्यासारखा, कुणी दात आवळून श्वास सोडावा तसा. हसू त्याच्या ओठांवरच थिजलं.

"हे... काय होतं?"

"आमचा माळा. पाऊस आला की बोलतो." मृणालीने फाटक ढकललं. "घाबरला असाल तर चहा घेऊन जा. नसाल तरी घ्या."

भडगावाबाहेर, गिरणा नदीच्या काठी हा दगडी बंगला इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाने बांधला होता. साहेब गेल्यावर तिथे दोन बहिणी येऊन राहिल्या. त्या डाकिणी होत्या, असं गाव पिढ्यान् पिढ्या सांगत आलं होतं. त्यांच्यामागे तिथे कुणी टिकलं नाही. मृणालीचे वडील, भुसावळला रेल्वेत नोकरी केलेले चिंधा आबा, यांनी निवृत्तीनंतर हे घर घेतलं, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. आबा म्हणाले, "आपण बुद्धाला शरण गेलेली माणसं. भुतांनी आपल्याला भ्यावं." पुढे आई गेली. घरात आबा, मृणाली आणि संघमित्रा, म्हणजे सगळ्यांची मित्रा, एवढेच उरले. दोन बहिणी पुन्हा त्याच बंगल्यात राहतात म्हटल्यावर गावाला निराळं काही सुचणार होतं थोडंच? मृणाली गावातल्या लॅबमध्ये रक्त तपासायची. "डाकीणच ती, रक्ताशिवाय चालतं का तिला?" असं कुणी म्हणालं की ती हसून सुई उचलायची.

तरुणाचं नाव प्रशील. दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनिअर. शिफ्टमधून वेळ मिळाला की तो मोबाईलवर ऐकायच्या भयकथा लिहायचा. आता मात्र त्याला मोठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची होती. शंभर वर्षांपूर्वीचा खान्देश, मंतरलेलं घर आणि त्यात दोन डाकिणी बहिणी.

"दीपनगर! जय भीम, बसा बसा," म्हणत आबांनी खुर्ची पुढे सरकवली आणि भुसावळच्या यार्डातल्या गोष्टी सुरू केल्या. मित्रा चहा देताना ताईच्या कानाशी कुजबुजली, "चष्मा पुसला की बरा दिसतो गं..."

"तू कप उचल."

पण मृणालीनेही पाहिलं होतं. चष्मा नसला की त्याचे डोळे लहान मुलासारखे भांबावलेले दिसत.

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. कधी बंगल्याचं माप घ्यायचं म्हणून, कधी दगड पाहायचा म्हणून... आणि एकदा तर काय पाहायचं ते ठरवायचंच विसरून.

"आज कशासाठी?" मृणालीने भुवया उंचावल्या.

"आज... खिडक्या मोजायच्या होत्या."

"मागच्या रविवारी मोजल्यात."

"एखादी वाढली असेल तर...?"

ती हसू दाबत आत वळली. पाठमोरी असूनही ती हसतेय हे त्याला कळत होतं. आणि त्याला ते कळतंय, हे तिलाही!

एकदा ओट्यावर बसून त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यात बहिणी केस सोडून नदीवर जात, लोकांची लेकरं आजारी पाडत. मृणालीचा चेहरा उतरत गेला.

"छान लिहिता तुम्ही," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही गावाचंच ऐकलंत. त्या दोघींच्या बाजूने कुणी बोललंच नाही का?"

शेजारच्या शेतात कापूस वेचणारे म्हातारे वना नाना ऐकत होते. ते बांधावरूनच म्हणाले, "मना आजा सांगे, त्या दोन्ही बहिनी बठ्ठा गावले झाडपालानं औषध देयेत. गाव बरं व्हयनं, मंग त्यास्लेच डाकीन म्हनाले लागनं!"

ज्यांनी अख्ख्या गावाला औषध दिलं, त्याच डाकिणी ठरल्या होत्या. हातातली पानं प्रशीलने घडी करून खिशात ठेवली. जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "मी हे सगळं पुन्हा लिहिणार आहे."

त्या शब्दांपेक्षा त्याच्या आवाजातली खंत तिला जास्त भिडली. म्हणूनच पुढच्या रविवारी, दुपारी, आबा डुलकी घेत असताना ती म्हणाली, "या. तुम्हाला माळा दाखवते. पण आवाज करायचा नाही."

शिडी अरुंद होती. वरून तिने हात पुढे केला, त्याने तो धरला आणि वर पोचल्यावरही दोघांना सोडायचं सुचलं नाही.

कौलांतून उन्हाची तिरीप येत होती. कोपऱ्यात, जुन्या लाकडी पेटीच्या आड, कापसाच्या बोंडांसारखी चार पिल्लं दाटीवाटीने उभी होती. चेहरे बदामाच्या आकाराचे, डोळे काळेभोर. माणसं दिसताच चौघं एकदम डोलायला लागली – डावीकडे, उजवीकडे – आणि फुस्सsss!

"घुबडं...!" प्रशीलच्या तोंडून श्वासच बाहेर पडला.

"गव्हाणी घुबडं. आई वर आढ्याला झोपलीय बघा. रोज उंदरांचा फडशा पाडते. वना नानांचं शेत हीच राखते."

"मग हे लोकांना सांगत का नाही? भुताचा विषयच मिटेल!"

मृणाली पिल्लांकडे पाहत राहिली. "गेल्या वर्षी दिवाळीच्या अमावस्येआधी दोन माणसं गावात घुबड शोधत फिरत होती. पूजेला लागतं म्हणे... जिवंत. पलीकडच्या गावातल्या पडक्या देवळात एक जोडी होती, ती नाहीशी झाली. आमच्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. डाकिणीच्या माळ्यावर चढायची हिंमत कोण करणार?" तिने पेटी जरा आणखी आड सरकवली. "चालतंय की मला डाकीण म्हटलेलं. यांची उडायची वेळ होईपर्यंत तरी."

प्रशील तिच्याकडे बघत होता. पिल्लांकडे नाही... तिच्याकडे.

"मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला.

"कादंबरीतही नाही?"

"कुठेच नाही. शब्द."

खाली उतरताना मृणालीच्या लक्षात आलं की तिचं मन भरून आलंय. आपलं इतकं जपलेलं गुपित दुसऱ्याच्या हाती देऊनही भीती वाटत नाही, हे तिच्यासाठी अगदी नवं होतं.

त्याच दिवसांत मित्राला स्थळ आलं होतं. म्हणजे, स्थळ कसलं... भुसावळच्या लोको शेडमधला अभिमन आणि मित्रा वर्षभर एकमेकांना ओळखत होते. आता घरच्यांना फक्त 'हो' म्हणायचं होतं. अभिमन आपल्या आईला, बेबाबाईंना घेऊन संध्याकाळी आला. मित्राने गावरान वांग्यांचं भरीत केलं होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. बेबाबाई गोड बाई, पहिल्याच घासाला "वा!" म्हणाल्या. मग त्यांनी सहज वर पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं, बाहेरच्या नदीकडे पाहिलं... आणि घास हातातच राहिला.

"अहो, हा बंगला तर मी ऐकलाय! नदीकाठचा, दगडी, दोन बहिणींचा. कालच त्या भुताच्या गोष्टीचा पहिला भाग आला मोबाईलवर. स्वयंपाक करताना ऐकते ना मी..."

आणि नेमकी त्याच वेळी पिल्लांना भूक लागली. माळ्यावरून फुसकारा उठला आणि त्यांच्या आईने अंधारायच्या आत एक कर्कश किंकाळी फोडली.

बेबाबाई ताटावरून उठल्या.

आबा म्हणाले, "अक्का, आपण तर हे सगळं मागेच सोडून दिलंय ना?"

"सोडलंय हो भाऊ! पण अंगावर काटा येतो, त्याला मी काय करू?"

अभिमन "आई, ऐक तरी," म्हणत राहिला, पण आई गाडीत जाऊन बसली होती. मित्रा दारात उभी होती. एका वाक्यात तिला सगळं सांगता आलं असतं. तिने ताईकडे पाहिलं. अमावस्या दोन दिवसांवर होती. मित्राने दार लोटून घेतलं.

आत आल्यावर मृणालीने तिला जवळ घेतलं. "सांगायचंस ना वेडे..."

"तुझी एकटीची आहेत का ती?" मित्रा डोळे पुसत म्हणाली. "मीही त्यांच्यासाठी पेटी सरकवलीय."

त्या संध्याकाळी मृणालीने प्रशीलला फोन लावला.

"तुमचा पहिला भाग लोक ऐकतायत. अभिनंदन."

"काय? तो... मृणाली, तो मी तुमच्याकडे यायच्या आधी ॲपवाल्यांना पाठवला होता. मला वाटलं नवीन लिहून बदलून घेऊ, तोवर ते सुरू करणार नाहीत..."

"मला सांगितलं का नाही?"



"तुमच्या नजरेतून उतरायची भीती वाटली," तो म्हणाला.

"माझ्या बहिणीचं लग्न मोडायला आलंय. आता येऊ नका."

तिने फोन ठेवला आणि मग तो बराच वेळ उगाचच हातात धरून बसली.

पुढचा रविवार आला. फाटक वाजलं नाही. आबांनी रस्त्याकडे दोनदा पाहिलं आणि पेपर उघडला.

अमावस्या सरली. त्यानंतर दोन-चार दिवसांनी, सकाळी, दारात रिक्षा थांबली आणि बेबाबाई उतरल्या. एकट्याच.

"पाणी दे गं आधी," त्या मित्राला म्हणाल्या. मग पदराने घाम पुसत सुरू झाल्या. "एक चष्मेवाला पोरगा लोको शेडात अभिमनला शोधून थेट माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणे, ते सगळं मी रचलंय, त्या घरात भूत नाही, शिक्षा मला करा, मुलीला नको. गोष्टही बंद करायला लावली त्याने! मी म्हटलं, मेल्या, मग त्या माळ्यावर ओरडतं कोण? तर म्हणतो, ते मला माहीत आहे, पण सांगता येणार नाही. शब्द दिलाय. दोनदा चहा पाजला, चिवडा खाऊ घातला... नाहीच बोलला! लाल झाला नुसता."

 मृणालीला कळत होतं, प्रशीलने सांगितलं असतं तर लग्न तिथेच जुळलं असतं, सगळंच सोपं झालं असतं. आणि तरी तो गप्प राहिला होता.

"रात्रभर झोप नाही मला," बेबाबाई म्हणाल्या. "भीती गेली, पण आता उत्सुकतेने मरतेय. कोण आहे वर?"

मित्राने ताईकडे पाहिलं. मृणालीने मान डोलावली. "मित्रा, सासूबाईंना शिडी धर."

बेबाबाई "अगं बाई, अगं बाई" करत वर चढल्या. क्षणभर सगळं शांत. मग फुस्सsss... आणि पाठोपाठ बेबाबाईंचं खळखळून हसणं. "अगं, हा मधला बघा! जेवायला उशीर झाला की आमचा अभिमन अस्संच तोंड करतो!"

खाली आल्या त्या तोंडावर बोट ठेवूनच. "मी कुणाला सांगायची नाही हो. पण लग्न ही पिल्लं उडाल्यावर धरा. बँडने घाबरतील बिचारी."

दुपारी त्या गेल्या आणि मृणालीने पर्स उचलली.

"कुठे?" आबांनी विचारलं.

"दीपनगरला."

आबा चष्म्यावरून बघत राहिले. "उशीर झाला तर मुक्कामी भुसावळला सारिका मावशीकडे थांब," एवढंच म्हणाले. पण मिशीतलं हसू त्यांना लपवता आलं नाही.

दोन बस बदलून, शेवटी रिक्षाने ती केंद्राच्या फाटकाशी पोचली, तेव्हा शिफ्ट सुटत होती. वर उंच धुराड्यांच्या मागे आभाळ केशरी झालं होतं. घामेजलेल्या, थकलेल्या माणसांच्या लोंढ्यात तो दिसला – मान खाली, पावलं मंद. तिला पाहून जागीच थबकला. मागचा माणूस त्याच्यावर आदळला.

"मृणाली...? घरी सगळं ठीक आहे ना?"

"मित्राचं लग्न ठरलं. बेबाबाईंनी तुमची तक्रार केलीय. दोन कप चहा पिऊनही बोलला नाहीत म्हणून."

त्याने सवयीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसू लागला.  "मी आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"हो, चुकलं." ती एक पाऊल पुढे आली. "मी खूप रागावले. अजूनही थोडी आहे. पण इतक्या दिवसांत फाटक वाजलं नाही ना, तेव्हा कळलं की..." शब्द अडखळले. तिने खोल श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. फोनवर सांगता आलं असतं, पण सांगताना तुमचा चेहरा बघायचा होता."

तो बघत राहिला. माणसं दोन्ही बाजूंनी वळसा घालून जात होती, कुणी सायकलची घंटी वाजवली, कुणी ओळखीचा हसून खाकरला.

"एवढं लिहिता," ती लाजून पुटपुटली, "आता काहीतरी बोला ना."

"सुचत नाही," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे ओलावले होते. "फक्त एक मागू? मला 'तुम्ही' म्हणू नका ना... म्हणू नकोस."

मृणालीने त्याच्या हातातून चष्मा घेतला, स्वतःच्या ओढणीने नीट पुसला आणि हलकेच त्याच्या डोळ्यांवर चढवला.

"चल," ती म्हणाली. "तुला भूक लागली असेल."